जुन्या हॉट रॉडचा जीर्णोद्धार : नेमकं काय परत आणायचं?

मागच्या लेखात पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींत कशा गुंततात हे सांगताना प्लास्टिक मॉडेलच्या गोंदाचं उदाहरण दिलं होतं. त्यावर दोघातिघांनी मला जुन्या मॉडेल गाड्यांच्या 'रिस्टोरेशन'चे व्हिडिओ पाठवले आणि विचारलं, "हे दाखवतात तसं खरंच होतं का?" रसायनशास्त्रापुरतं उत्तर सोपं आहे : हो, बहुतेक सगळं होतं. पण एकामागून एक आठदहा व्हिडिओ बघितल्यावर मला वेगळाच प्रश्न पडला. हे जे चाललंय त्याला रिस्टोरेशन म्हणायचं का? म्हणून आजचा लेख अर्धा रसायनशास्त्राचा आणि अर्धा समीक्षेचा आहे. ज्यांना फक्त रसायनशास्त्र हवंय त्यांनी मधल्या भागावर उडी मारली तरी चालेल, पण माझ्या मते या प्रकरणात दोन्ही वेगळं करता येत नाही.

व्हिडिओंचा ठरलेला साचा

धुळीने माखलेलं, एक चाक निखळलेलं मॉडेल टेबलावर येतं. हातमोजे घातलेले दोन हात ते फिरवून दाखवतात. मग पटापट भाग सुटे होतात, सगळे एका डब्यात कुठल्याशा द्रवात बुडतात, आणि पुढच्याच शॉटमध्ये सापाने कात टाकावी तसा रंग सुटून येतो. घासकाम, प्रायमर, रंग, चकाकी, नवीन क्रोम. शेवटी फिरत्या तबकडीवर गाडी, आणि शेजारी शेजारी 'आधी' व 'नंतर'.

हातातलं कौशल्य खरं आहे, ते मान्यच करायला हवं. अर्ध्या मिलिमीटरच्या कडेवर न थरथरता रंग लावणं ही साधी गोष्ट नाही. माझी तक्रार शब्दाबद्दल आहे. 'रिस्टोर केलं' म्हणताना आपण एक दावा करतो : पूर्वी जे होतं आणि मध्यंतरी हरवलं होतं, ते परत आणलं. आपल्याकडे 'जीर्णोद्धार' या शब्दातही हाच दावा असतो, आणि त्या नावाखाली दगडी देवळांना ऑइलपेंट फासलेलं आपण सगळ्यांनीच पाहिलंय. तेव्हा विचारायला हवं : या व्हिडिओतल्या गाडीला 'पूर्वी' म्हणजे नेमकं केव्हा? आणि ती हॉट रॉड असेल तर हा प्रश्न आणखी अवघड होतो.

मुळात हॉट रॉड म्हणजे काय

१९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत व्ही-८ इंजिनाची गाडी काढली. दहाबारा वर्षांत या गाड्या सेकंडहँड बाजारात अगदी स्वस्त झाल्या. दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं त्या विकत घ्यायची, मडगार्ड काढून टाकायची, टप कापून खाली आणायची, बॉनेट फेकून द्यायची, इंजिनात फेरफार करायची आणि म्युरॉक किंवा एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर जाऊन शर्यती लावायची. या शर्यतींना शिस्त यावी म्हणून तिथल्या क्लबांनी १९३७ मध्ये संघटना केली. युद्धानंतर सैन्यातून परतलेल्या तरुणांमुळे हा नाद देशभर पसरला, आणि जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' नावाचं मासिकच निघालं. १९३२ च्या फोर्डला त्यांच्या भाषेत 'ड्यूस' म्हणतात. पत्त्यातली दुर्री.

म्हणजे हॉट रॉडची व्याख्याच अशी : कारखान्यातून आली तशी न राहिलेली गाडी. शिवाय ती कधी 'पूर्ण' होत नाही. या वर्षी फोर्डचं इंजिन, दोन वर्षांनी ओल्ड्समोबिलचं, १९५५ नंतर शेवरलेचं. मालक बदलला की रंग बदलला.

खऱ्या गाड्यांच्या जगातही ही अडचण आली. पेबल बीचच्या प्रसिद्ध गाड्यांच्या प्रदर्शनात १९९७ साली पहिल्यांदा हॉट रॉडसाठी वेगळा गट ठेवला गेला, आणि त्यात पहिला क्रमांक डोन स्पेन्सर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९३२ च्या रोडस्टरला मिळाला. स्पेन्सर यांनी ती गाडी एकदा बांधून सोडून दिली नव्हती. वर्षानुवर्षं ते तिच्यात बदल करत राहिले, मेक्सिकोतल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठीही त्यांनी तिच्यावर काम केलं. अशी गाडी 'रिस्टोर' करायची म्हणजे तिच्या आयुष्यातलं एखादं वर्ष निवडायचं, आणि त्या वर्षाच्या अलीकडचं सगळं पुसायचं. हा निर्णय करावाच लागतो. पण तो निर्णय आहे, नुसती स्वच्छता नाही, एवढं तरी कबूल करावं लागतं.

डब्यातच तीन 'मूळ' गाड्या

आता मॉडेलकडे येऊ. मिशिगनमधल्या ट्रॉय गावची एएमटी ही कंपनी १९४८ मध्ये सुरू झाली. आधी ती मोटार विक्रेत्यांसाठी नमुन्याच्या छोट्या गाड्या बनवायची. १९५८ पासून तिने सुट्या भागांचे संच काढले, १/२५ प्रमाणातले, आणि डब्यावर लिहिलेलं असायचं : थ्री इन वन. एकाच डब्यात कारखान्यातली मूळ गाडी, कस्टम गाडी आणि शर्यतीची गाडी, तिन्हींचे भाग. कुठली बांधायची ते घेणाऱ्याने ठरवायचं, आणि उरलेले भाग दुसऱ्या मॉडेलला वापरायचे. १९३२ चा फोर्डही याच पद्धतीने आला.

या एका गोष्टीने 'मूळ रूपात आणलं' हा दावा निम्मा कोसळतो. ज्या वस्तूला बनवणाऱ्यानेच तीन मूळ रूपं दिली, तिचं मूळ रूप कुठलं? ज्या पोराने ती पहिल्यांदा बांधली त्याने जे निवडलं ते. म्हणजे सेकंडहँड मॉडेलचं 'मूळ' डब्यावरच्या चित्रात शोधण्यात अर्थ नाही. ते पहिल्या बांधणाऱ्याच्या हातून उतरलेलं असतं.

आणि नेमकं तेच व्हिडिओतल्या डब्यात विरघळतं.

एक मॉडेल वाचून बघू

मी जिथे पीएच.डी. करते तिथून तासाभरावर दर हिवाळ्यात जुन्या खेळण्यांचा बाजार भरतो. गेल्या वेळी तिथून एएमटीचा १९३२ चा फोर्ड रोडस्टर आठ डॉलरला आणला. वीतभरही लांबी नाही. विकणाऱ्याच्या भाषेत हा 'ग्लू बॉम्ब' : गोंदाने बरबटलेलं, टाकाऊ. याच्यावर काय काय दिसतं ते बघा.

मडगार्ड लावलेलेच नाहीत. बॉडीवर ब्रशने दिलेला लाल एनॅमल. मागची चाकं या संचातली नाहीत, दुसऱ्या कुठल्या तरी शर्यतीच्या गाडीची रुंद, गुळगुळीत चाकं आहेत. दोन्ही बाजूंना बाहेर आलेले सायलेन्सरचे पाइप कुठल्याच संचातले नाहीत, ते लॉलीपॉपच्या कागदी काड्यांना चंदेरी रंग देऊन केलेले आहेत. इंजिन गायब आहे, फक्त ते जिथे चिकटवलं होतं तिथे गोंदाचे दोन डाग. आणि दाराच्या मागे, रंगाच्या खाली, प्लास्टिकमध्ये एक बोटाचा ठसा. गोंद बोटाला लागला, ओल्या गोंदाने प्लास्टिक मऊ झालं, तिथे बोट टेकलं आणि ठसा कायमचा उमटला. लहान आहे. माझ्या करंगळीएवढा.

रंग उडालेल्या एका कडेचा कणभर टवका आम्ही रेझिनमध्ये बसवला, कापून घासला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. जुन्या चित्रांचे थर तपासायला संग्रहालयांत हीच पद्धत वापरतात. लालच्या खाली निळा निघाला, आणि दोन्हींच्या मध्ये धुळीची बारीक काळपट रेघ. धूळ बसायला वेळ लागतो. म्हणजे निळी गाडी काही काळ फळीवर उभी होती, मग कुणीतरी, बहुधा त्याच पोराने, ती पुन्हा हातात घेऊन लाल केली.

एवढं वाचल्यावर ही टाकाऊ वस्तू राहत नाही. त्या पोराने दुसऱ्या गाडीची चाकं चढवली, हाताशी होतं त्यातून पाइप केले, काही दिवसांनी रंग बदलला. म्हणजे एल मिराजवर मोठी पोरं खऱ्या गाड्यांचं जे करत होती, नेमकं तेच. या मॉडेलच्या बाबतीत खरा हॉट रॉडर तोच आहे. व्हिडिओच्या साच्याप्रमाणे गेलो तर लॉलीपॉपच्या काड्या कचऱ्यात, लाल-निळा नाल्यात आणि ठसा सँडपेपरखाली. हाती काय उरेल? डब्यावरच्या चित्रासारखी गाडी. तो संच पुढे अनेकदा नव्याने बाजारात आलाय, आजही कोरा विकत घेता येतो. म्हणजे जे विकत मिळतं ते मिळवायला जे कुठेही मिळणार नाही ते पुसायचं!

आता रसायनशास्त्र : काय परत फिरवता येतं आणि काय नाही

व्हिडिओत सगळ्या पायऱ्या सारख्याच सहज वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्यात मोठा फरक आहे, आणि समीक्षेसाठी मला तोच कामाचा वाटतो.

*रंग काढणं.* मॉडेलचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. त्याच्या साखळीचा कणा फक्त कार्बन-कार्बन बंधांचा. जुने एनॅमल रंग अल्किड जातीचे, म्हणजे तेल मिसळलेलं पॉलिएस्टर. त्यांच्यात एस्टर बंध असतात. कॉस्टिक सोडा एस्टर बंध तोडतो, साबण करताना तेलाचं जे होतं तेच. कार्बन-कार्बन कण्याला मात्र तो काही करू शकत नाही. म्हणून ओव्हन साफ करायच्या कॉस्टिकवाल्या फवाऱ्याने रंग निघतो आणि गाडी शाबूत राहते. ब्रेक ऑइलचं काम वेगळ्या तऱ्हेने चालतं : त्यातले ग्लायकॉल ईथर रंगाच्या थरात शिरून त्याला फुगवतात, थर सुरकुततो आणि सुटतो. ॲसिटोन किंवा लॅकर थिनर मात्र थेट पॉलिस्टायरीनलाच विरघळवतात. (कॉस्टिक डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा आणि हातमोजे हवेतच.)

थोडक्यात, प्लास्टिकच्या दृष्टीने रंग काढणं निर्धोक आहे. पण माहितीच्या दृष्टीने ते एकतर्फी आहे. गेलेली धुळीची रेघ परत येत नाही.

*जोड सोडवणं.* मॉडेलचा गोंद हा खरं तर गोंद नाही, द्रावक आहे. जुन्या नळ्यांत टोल्युइन असायचं. तो दोन्ही बाजूंचं पॉलिस्टायरीन मऊ करतो, साखळ्यांना हालचाल करायला जागा मिळते, आणि त्या सापासारख्या सरपटत जोडरेषा ओलांडून पलीकडच्या साखळ्यांत गुंततात. या सरपटण्याचं गणित पिएर-गिल द जेन यांनी १९७१ मध्ये मांडलं. त्यांना १९९१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. द्रावक उडून गेलं की जोड उरतच नाही, एकच सलग प्लास्टिक उरतं. म्हणून चांगला बसलेला जोड 'सुटत' नाही, तो फुटतो, आणि कधी कधी जोडाच्या शेजारी फुटतो. फ्रीजरमध्ये ठेवून जोड सोडवायची युक्ती चालते ती अर्धवट बसलेल्या जोडांवरच. व्हिडिओत जोड टचकन सुटताना दिसतो तेव्हा समजावं की जे सुटले नाहीत ते कापून टाकलेत.

जाता जाता एक गंमत : टोल्युइन हुंगायचं व्यसन पोरांमध्ये पसरलं तेव्हा, साठच्या दशकाच्या शेवटी, टेस्टर्स या गोंदाच्या कंपनीने नळीत मोहरीच्या अर्काचं तेल मिसळलं. फोडणीत मोहरी करपली की नाकाला झोंबतं ते रसायन. हुंगणाऱ्याच्या नाकातोंडाला पाणी सुटावं हा हेतू.

*क्रोम.* मॉडेलवरचं क्रोम हे क्रोमियम नसतंच. भागांवर लॅकरचा थर, त्यावर निर्वात पोकळीत बसवलेला ॲल्युमिनियमचा पापुद्रा आणि वर संरक्षक थर. हा पापुद्रा साधारण १०० नॅनोमीटर किंवा त्याहून कमी, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा हजारावा भाग. ॲल्युमिनियम अल्कलीत विरघळतो, म्हणून कपड्यांच्या ब्लीचमध्ये टाकलं की काही मिनिटांत क्रोम गायब. (ब्लीच कधीही ॲसिडबरोबर मिसळू नका. क्लोरीन वायू होतो.) घालवायला काही मिनिटं, परत आणायला निर्वात यंत्र! घरी जे लावतात तो चंदेरी रंग किंवा चिकट फॉइल असते. दिसायला उत्तम, पण ती वेगळी वस्तू आहे.

*टायर.* इथे मात्र हात घालणं गरजेचं आहे. जुने टायर पीव्हीसीचे. पीव्हीसी मुळात कडक, त्याला रबरासारखं मऊ करायला थॅलेटसारखं तेलकट प्लास्टिसायझर घालतात. ते साखळ्यांना बांधलेलं नसतं, नुसतं मध्ये बसलेलं असतं. शेजारी पॉलिस्टायरीनची रिम असली की ते हळूहळू तिकडे झिरपतं आणि रिम मऊ पडते. माझ्या रोडस्टरच्या पुढच्या दोन्ही रिम टायरमध्ये रुतल्यात त्या यामुळे. हे कुणाची निशाणी वगैरे नाही, हा चालू असलेला रोग आहे. टायर आणि रिम यांच्यामध्ये ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी घातली की झिरपणं थांबतं, आणि पट्टी केव्हाही काढता येते.

म्हणजे चार कामांपैकी खरं जतन म्हणावं असं एकच, टायरचं. आणि व्हिडिओंमध्ये बहुधा तेच नसतं, कारण फॉइलची पट्टी कॅमेऱ्याला दिसत नाही.

रंगाचं प्रमाण चुकतं ते असं

नव्या रंगाबद्दलही दोन शब्द, कारण 'खऱ्यासारखी दिसते' ही व्हिडिओंखालची सर्वांत लाडकी शाबासकी आहे.

खऱ्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून १०० ते १५० मायक्रॉन भरतात. १/२५ प्रमाणात ते ४ ते ६ मायक्रॉन व्हायला हवेत. एवढा पातळ थर हाताने कुणी देऊ शकत नाही. उलट मॉडेलवर १०० मायक्रॉनचा थर दिला तर तो खऱ्या गाडीवर अडीच मिलिमीटर जाड रंग फासल्यासारखा होतो. दाराची फट खऱ्या गाडीत ५ मिलिमीटर, मॉडेलवर ०.२. दोन्ही कडांना १०० मायक्रॉन रंग चढला की फट बुजली. व्हिडिओत 'आरशासारखा' रंग दिसतो तेव्हा दारांच्या रेघा बघा, बऱ्याचदा त्या रंगाखाली बुजलेल्या असतात.

मेटलफ्लेकचं तर हसूच येतं. खऱ्या गाडीवरचा ०.२ मिलिमीटरचा चमकीचा कण मॉडेलवर तसाच वापरला तर प्रमाणात तो ५ मिलिमीटरचा होतो, म्हणजे गाडीवर टिकल्या चिकटवल्यासारखं.

कँडी रंगाची गोष्ट जास्त मजेदार आहे. तो म्हणजे चंदेरी किंवा सोनेरी थरावर पारदर्शक रंगीत लॅकर. प्रकाश आत जातो, खालच्या थरावरून परततो, दोनदा रंगातून जातो. रंग किती गडद दिसेल हे बीअर-लॅम्बर्टच्या नियमाने ठरतं : रंगद्रव्याचं प्रमाण गुणिले थराची जाडी. थर पंचवीसपट पातळ केला तर तोच गडदपणा यायला रंगद्रव्य पंचवीसपट हवं. आपला डोळा मात्र लहान होत नाही. म्हणून चांगले मॉडेलकार प्रमाणाचा नाद सोडतात आणि डोळ्याला जे पटेल ते करतात. ही कारागिरी आहे, आणि ती मला आवडते. पण 'खऱ्यासारखं' हे तिचं मोजमाप नव्हे. अगदी उत्तम कँडी रंगाचं मॉडेलही खऱ्या गाडीचं भाषांतर असतं, आणि भाषांतरकाराने निवड केलेली असते.

मग काय, काचेत ठेवून पूजा करायची?

इथे कुणी म्हणेल : हॉट रॉडची अख्खी परंपराच जुन्या गाड्या कापायची. त्या पोरांनी १९३२ च्या फोर्डची कुठे काळजी केली? मग आज एखाद्याने त्याच जातीचं मॉडेल कापलं तर तुझं काय जातं?

आक्षेप रास्त आहे, आणि मी तो अर्धा मान्य करते. हॉट रॉडला हात लावायचाच नाही असं म्हणणं हा त्या परंपरेचाच अपमान होईल. पण त्या पोरांनी कधी 'मी फोर्ड रिस्टोर केला' असं म्हटलं नाही. त्यांनी कापलं आणि सांगितलं की कापलं. शिवाय कारखान्यातला फोर्ड तेव्हा पैशाला पासरी होता. आज कोऱ्या संचाचंही तसंच आहे. कापायचं असेल तर नवा संच घ्या, त्याचे वाटेल ते हाल करा, मी पहिली टाळी वाजवीन.

स्मारकांच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिसला एक सनद झाली. त्यातली दोन तत्त्वं मला या आठ डॉलरच्या वस्तूलाही लागू वाटतात. एक, जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. दोन, वास्तूवर वेगवेगळ्या काळात जी भर पडली तिचाही मान राखावा, सगळं एकाच शैलीत आणणं हे उद्दिष्ट नव्हे. दुसऱ्या तत्त्वाने लाल रंग, काड्या आणि ठसा वाचतात. पहिल्याने इंजिनाचा प्रश्न सुटतो, आणि तोही मजेशीर रीतीने.

गायब इंजिन कुठलं होतं? गोंदाच्या दोन डागांवरून सांगता येत नाही. म्हणून ते 'परत आणणं' शक्यच नाही. जे बसवीन तो अंदाज असेल. पण रिस्टोरेशनचा दावा सोडला की अंदाजाचं ओझंही जातं. इथे मी कस्टमायझेशन करू शकते, उघडपणे, माझ्या नावावर. मी दुसऱ्या संचातलं शेवरलेचं व्ही-८ घेतलं, ते माझ्या पद्धतीने रंगवलं आणि पांढऱ्या गोंदाने बसवलं, आपल्या फेव्हिकॉलच्या जातीच्या. हा गोंद पॉलिस्टायरीनमध्ये शिरत नाही, साखळ्या गुंतत नाहीत, नुसता वरून धरून ठेवतो. उद्या कुणाला माझं इंजिन नको असेल तर पाण्याने भिजवून काढता येईल. बॉडीला फक्त कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब आणि मऊ ब्रश. खाली चासीला एक चिठ्ठी बांधली आहे : काय होतं, काय केलं, कुठल्या महिन्यात.

मला सापडलेला नियम तो एवढाच : जिथे रिकामी जागा आहे तिथे मनसोक्त भर घाला, जिथे कुणाचं काम आहे तिथे पुसण्याआधी दहा वेळा विचार करा. रिस्टोरेशन आणि कस्टमायझेशन यांत भांडण नाही. भांडण आहे ते एकाला दुसऱ्याचं नाव देण्याशी.

पुढचा व्हिडिओ बघताना

पुढच्या वेळी असा व्हिडिओ समोर आला तर तीन प्रश्न विचारून बघा. द्रवात बुडवण्याआधी त्याने मॉडेल नीट बघितलं का, निदान फोटो तरी काढले का? जे केलं त्यातलं किती परत फिरवता येईल? आणि शेवटी जे उभं आहे त्याला तो योग्य नावाने हाक मारतो का? तिन्हींची उत्तरं 'हो' असतील तर जरूर मलाही पाठवा. मी पाहिलेल्यांत एकच सापडला : त्याने सगळा रंग काढला, पण आधी चार मिनिटं फक्त जुनं काम दाखवलं, जोड कसे दिलेत त्याचं कौतुक केलं, आणि शीर्षकात 'रिबिल्ड' लिहिलं. मला तो मनापासून आवडला. त्याने पुसलं, पण काय पुसतोय ते त्याला माहीत होतं आणि त्याने आपल्यालाही सांगितलं.

बाकीच्यांत पहिला बांधणारा कुठेच नसतो. 'आधी'च्या फोटोत तो फक्त घाण म्हणून येतो. साठेक वर्षांपूर्वी कुठल्याशा स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, जीभ दातांत धरून ज्याने ही गाडी चिकटवली, तिला तिसऱ्याच गाडीची चाकं लावली, त्याचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही. त्याच्याकडून आपल्यापर्यंत जे पोचलंय ते एवढंच : वाकडे जोड, ब्रशचे ओरखडे, एक बोटाचा ठसा. त्याला डाग म्हणायचं की सही, हे निदान थांबून ठरवायला हवं.

पुढच्या लेखात पीव्हीसी आणि प्लास्टिसायझरबद्दल सविस्तर : संग्रहालयांतल्या प्लास्टिकच्या बाहुल्या चिकट का होतात, आणि त्यांना प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावं की उघड्यावर. प्रश्न असतील तर आत्ताच विचारून ठेवा.